चांगलं बोलणारी पोरं

हे माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. बहिणीला नाही, आणि स्टाफरूममध्ये जिच्याबरोबर वर्षानुवर्षं डबा वाटून खाल्ला त्या मैत्रिणीलाही नाही. मराठी शिकवणारी बाई, पुंडलिकनगरात राहणारी, निवृत्तीला टेकलेली — हिच्याकडं लपवण्यासारखं काय असणार? आहे. आणि ते सांभाळून सांभाळून आता मी दमलेय.

आमच्या कॉलेजात मूल्यांकनाची समिती यायची होती, त्या वेळची गोष्ट. समिती येणार म्हटलं की आर्ट्स कॉलेजात काय चालतं, ते तुम्ही असल्या कॉलेजात शिकला असाल तर वेगळं सांगायला नको. कुंड्या भाड्यानं येतात. बंद पंखे फिरायला लागतात. भिंतींना रंग लागतो आणि ओल्या रंगानं कुणाची तरी साडी हमखास खराब होते. आम्ही सगळे वैतागत होतो, हसतही होतो.

समिती विद्यार्थ्यांशीही बोलते. शिक्षकांना बाहेर काढून, दार लावून. आमच्या विभागातून कोण बसणार, ते मी ठरवायचं होतं. प्राचार्य एवढंच म्हणाले, "मॅडम, चांगलं बोलणारी पोरं घ्या."

चांगलं बोलणारी — म्हणजे कशी हो?

माझ्या वर्गात सगळ्यांत चांगलं बोलायची सुजाता. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. वडील गवंडीकाम करायचे, घरात बुद्धवंदना व्हायची, आणि पोरीनं शिकायचंच यावर त्या घरात दुसरं मत नव्हतं. पण घर एवढंसं, वर टीव्ही, पाहुणे — म्हणून ती मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर बसून वाचायची. वर्गात बोलायला उभी राहिली की मागच्या बाकांवरचे मोबाइल आपोआप खाली जायचे. "मॅडम, मला हे लई पटलं नाय," असं सुरू करायची आणि का पटलं नाही ते असं मांडायची की माझंच टिपण मला जुनं वाटायचं. फक्त 'ण' तिच्या तोंडी नव्हता. पानी. कोन. आनि.

तिचं नाव मी आधी घेतलं होतं. ती खूश होऊन सांगायला आली — वाचनालय पाचला बंद होतं, ते मुलींसाठी रात्री उघडं ठेवा, हे ती समितीला सांगणार होती. "माझ्या एकटीसाठी नाय मॅडम, माझ्यासारख्या लई जनी हैत." त्या दिवसासाठी तिनं ड्रेस शिवायला टाकला होता.

आदल्या दिवशी तालीम झाली. ती घ्यायला बाहेरून एक निवृत्त प्राध्यापक आले होते. सुजाता बोलली, आणि दुसऱ्या विभागातलं कुणीतरी मागं खुसखुसलं. मला एकदम लाज वाटली. मराठीच्या मुलीला 'ण' म्हणता येत नाही, मग मराठीची बाई काय शिकवते? — एवढंच डोक्यात आलं. संध्याकाळी मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि म्हणाले, त्या बाहेरच्या सरांनी तुझं नाव काढायला सांगितलंय. बोलणं शुद्ध नाही म्हणाले. मला तुझ्यापासून लपवायचं नाही, म्हणून सांगते.

ते सर काहीही म्हणाले नव्हते. चहा पिऊन गेले होते. नाव मी काढलं.

"व्हय का," ती म्हणाली. मग "बरं मॅडम" म्हणून निघून गेली.

इथं थांबता आलं असतं. भाषेच्या बाईचा अहंकार, म्हणून तुम्हीही सोडून दिलं असतं. पण मग रणजितचं काय सांगू? तोही त्याच वर्गात, बागायतदाराच्या घरचा. तोही 'नाय' म्हणायचा, तोही 'पानी' म्हणायचा. अहो, माझी आई अजून पानीच म्हणते. रणजितचं बोलणं मला रांगडं वाटायचं, गोड वाटायचं. त्याचं नाव मी यादीत तसंच ठेवलं. त्याला समोर बसवून, चहा पाजून, दोन वाक्यं घोटून घेतली. सुजाताला तासभर देता आला नसता का मला? आला असता. मनातही आलं नाही. रणजितचं आडनाव आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत बसणारं होतं, सुजाताचं नव्हतं. त्या वेळी मी असा विचार केला नाही — करावाच लागला नाही. आणि दरवर्षी जयंतीला समतेवर भाषण मीच करते. बरं करते म्हणतात.

रणजितनं समितीसमोर कॅन्टीनचं कौतुक केलं. वाचनालय अजून पाचलाच बंद होतं.

सुजाता पुढं एम.ए. झाली, सेटची परीक्षाही पास झाली. आज आमच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवते. उस्मानपुऱ्यात एका क्लासवरही जाते. तिचं मराठी आता इतकं स्वच्छ आहे की ऐकणाऱ्याला गाव सांगता येत नाही. प्रत्येक शब्द उच्चारण्याआधी जरा थांबते. मी तिच्या वर्गावरून जाते तेव्हा मागच्या बाकांवर मोबाइल चालू असतात. ती हजेरीपुरती, पुस्तकापुरती बोलते. मला काही पटलं नाही, असं तिच्या तोंडून मी त्या दिवसानंतर ऐकलेलं नाही.

गेल्या महिन्यात पहिल्या वर्षाच्या मुलांचं स्वागत होतं. मंचावर मी, आणि ओळख करून द्यायला सुजाता. ती म्हणाली, "एकदा माझं नाव काढलं गेलं होतं. का काढलं, ते मला कुणीच सांगितलं नसतं. मॅडमनी तोंडावर खरं सांगितलं. आयुष्यात खरं सांगणारा एक तरी शिक्षक भेटावा लागतो."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून उभी राहिले आणि हात जोडले.