कोपऱ्यातलं पाणी

धाकटी चार वर्षांची असताना, मोरीत ती लघवीला बसायची त्या जागी मुंग्या लागल्या. जांभ्याच्या भिंतीतून काळी रांग निघाली होती ती थेट तिथपर्यंत. साल १९९८, गौरी-गणपती नुकतेच झाले होते. मी हातातली भांडी खाली ठेवली आणि तिथेच बसले. अशी रांग मी आधी एकदा बघितली होती.

थोरलीच्या वेळी. ती तेव्हा सहा वर्षांची होती आणि ही पाळण्यात. थोरली दिवसभर पाणी प्यायची आणि अंथरूण भिजवायची. सासूबाई म्हणाल्या, "दिवेलागणीनंतर पाणी नको देऊस गो तिला. रोज रोज गोधडी कोण धुणार?" मी देत नव्हते. हंड्यावर झाकण घालून त्यावर वरवंटा ठेवत होते, म्हणजे तिला उचलता येऊ नये. मुंग्यांवर हळद टाकली. तिला अंगारा लावला. ती वाळत गेली आणि महिन्याभरात संपली. माजघराच्या कोपऱ्यात तिचं अंथरूण होतं, तिथेच. शेवटपर्यंत पाणी मागत होती.

म्हणून धाकटीच्या वेळी मी कोणाला विचारलं नाही. हे मुंबईला कामाला, ते शिमग्याशिवाय यायचे नव्हते. दुपारच्या एसटीने मी तिला घेऊन रत्नागिरीला गेले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी काय होतंय विचारलं. मी एवढंच म्हटलं, "मुंग्या लागतात." त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं.

आठ दिवस तिथे राहिलो. इन्सुलिनचं इंजेक्शन द्यायला मी तिथेच शिकले. सिरिंजवरच्या रेघा मोजायला माझी चौथीपर्यंतची शाळा पुरली. घरी फ्रीज नव्हता, त्यामुळे बाटली पिशवीत बांधून ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायची. रोज सकाळी काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकून दिव्यावर उकळायचं. विटेसारखं लाल झालं तर साखर फार. हिरवं झालं तर थोडी. निळंच राहिलं तर नाही.

सासूबाई पडवीतून ओरडायच्या, "झाला काय गो तुझा चहा? शेजारणीला पण दे घोटभर!"

पण त्याही रंग बघायला यायच्या.

डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट तीनदा सांगितली होती. साखर जास्त झाली तर वेळ मिळतो, उतरली तर मिळत नाही. घाम सुटला, हात थरथरले, पोर भलतंच बोलायला लागली, की आधी साखरेचं पाणी तोंडात. "काय होतंय, काय होतंय, असं विचारत बसू नका."

पहिल्यांदा साखर उतरली ती दिवाळीनंतर. बारा वाजत आले होते, बाहेर चिटपाखरू नव्हतं. मी चुलीवरचा भात बघत होते आणि ती माजघरात सागरगोटे खेळत होती. खेळण्याचा आवाज थांबला म्हणून मी वळून बघितलं. ती ताठ बसली होती, केस घामाने कपाळाला चिकटलेले. कोपऱ्याकडे बघत होती.

"आई, ताईला पाणी दे."

आमच्या घरात थोरलीचा विषय कोणी काढत नसे. तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. मी कशीतरी साखर कालवली आणि तिला पाजली. थोड्या वेळाने तिचे डोळे ओळखीचे झाले आणि तिने भात मागितला.

"कोणती ताई गं, बाय?" मी विचारलं.

"कुठली?" ती म्हणाली. तिला काही आठवत नव्हतं.

कोणाच्या तोंडून काही ऐकलं असेल, असं मी मनाला सांगितलं. शेजारपाजारच्या बायका बोलतात, पोरं ऐकतात. पण त्या वर्षात असं चार-पाच वेळा झालं आणि प्रत्येक वेळी ती त्याच कोपऱ्याकडे बघायची. बहुतेक भर दुपारी. आणि त्या सकाळी नळीतलं पाणी निळं राहिलेलं असायचं. निळं म्हणजे चांगलं, असं मला शिकवलं होतं. पण साखर किती खाली गेली आहे ते निळं सांगत नाही. निळं दिसलं की मला बरं वाटायचं आणि लगेच माझी नजर कोपऱ्याकडे जायची.

आता लिहिते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या खेपेला मी साखर ढवळता ढवळता विचारलं, "ताई काय करते?" तिसऱ्या खेपेला ढवळून झालं तरी पेला हातातच ठेवला.

"ती बसलेय," धाकटी म्हणाली. जीभ जड झाली होती तिची.

"रागावलेय काय?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "थांब गो जरा. काय सांगते ती ऐकूया."

आम्ही दोघी ऐकत राहिलो. एक पोर समोर पांढरी पडत चालली होती, आणि मी पेला धरून तिच्या बहिणीची खबर घेत होते. मला ठाऊक होतं, साखर पोटात गेली की थोरली जाणार. पाजते म्हणजे मी तिला पुन्हा घराबाहेर काढते, असं मला वाटायचं. शेवटी धाकटीची मान कलली तेव्हा कुठे मी पेला तिच्या ओठाला लावला.

पुढच्या मे महिन्यातली गोष्ट. अंगणात फणसाची साठं वाळत घातली होती, सगळीकडे गोड वास होता. सकाळी इंजेक्शन दिलं आणि त्यानंतर हिने पेज अर्धी तशीच टाकली. मी दोनदा रागावले, मग कामात विसरले. बाराच्या सुमाराला आत आले तर ती जमिनीवर आडवी पडलेली. डोळे उघडे, कोपऱ्यावर.

"आई, ती पाणी मागते. तू का नाही देत?"

आवाज तिचाच होता. पण बोलणं मोठ्या मुलीचं होतं.

साखरेचा डबा माझ्या डाव्या हाताला होता. मी उजवीकडे वळले. हंड्यावरचं झाकण काढलं, पेला भरला, आणि कोपऱ्यात नेऊन ठेवला. जमिनीवर नीट बसेना म्हणून मी तो हलवून हलवून सरळ करत होते. मागे धाकटीच्या टाचा जमिनीवर आपटायला लागल्या तेव्हा मी भानावर आले.

आकडी आली होती. दातखीळ बसलेली. सासूबाई धावत आल्या, त्यांनी साखर बोटावर घेऊन तिच्या गालाच्या आत चोळली, पुन्हा पुन्हा. "सोड गो बाय, तोंड सोड." मग कोणाची तरी जीप, आणि रत्नागिरी.

दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लक्षात आल्यावर साखर किती वेळाने दिलीत?"

"लगेच," मी म्हटलं.

सासूबाई खाटेच्या पायथ्याशी बसल्या होत्या. खाली बघत त्या म्हणाल्या, "मी पण घरातच होते, बाई."

चार दिवसांनी घरी आलो. दार आम्ही ओढून घेतलं होतं तसंच होतं. कोपऱ्यात पेला सरळ उभा होता. आत पाणी नव्हतं, एक थेंबही नाही.

"उकाड्याने आटलं असेल," मी म्हटलं.

"मांजर असेल," सासूबाई म्हणाल्या. आमच्याकडे मांजर नव्हतं.

त्यांनी तो पेला घासला नाही, वापरलाही नाही. कुठे ठेवला ते मी विचारलं नाही.

त्यानंतर साखर उतरली ती श्रावणात, मंगळवारी. धाकटी उंबऱ्यावर बसली होती. घाम मला लांबूनच दिसला. डबा, चमचा, पाणी. माझे हात थांबले नाहीत.

"आई, ताईला..."

"गप. आधी पी."

"ती बघतेय."

पेला तिच्या ओठाला लावून मी पहिल्यांदा मान वळवून त्या कोपऱ्याशी बोलले. थोरली जिवंत असती तर जशी बोलले असते तशीच. "तू मोठी आहेस ना? जरा थांब. आधी हिचं होऊ दे."

सासूबाई पदराचं टोक तोंडात धरून उभ्या होत्या. धाकटीने शेवटचा घोट घेतला, कोपऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कोणाशी बोलतेस?" तिने विचारलं.

"कोणाशी नाही. अजून पी."

आता ती पाचवीत आहे. इंजेक्शन स्वतः घेते, दप्तरात साखरेची पुडी असते. साखर अजूनही उतरते, पण त्या दिवसानंतर ती कोपऱ्याकडे बघून कधी काही बोललेली नाही. बरं झालं, असं सासूबाई म्हणतात. मी पण म्हणते. पण भर दुपारी घरात एकटी असले की त्या कोपऱ्याकडे मी पाठ करून बसू शकत नाही. थोरली सांगितलेलं ऐकणारी मुलगी होती. आणि मी तिला थांब म्हटलं होतं.