कुंपणातलं ओट ग्रास

तिसऱ्या दिवशीही कुंपणाच्या आत मला सातच रोपं सापडली. दोन वर्षांपूर्वी कुंपण घातलं तेव्हा तीनशेच्या वर होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. मी वनस्पती सर्वेक्षणात असिस्टंट होते. आर्वी तालुक्यातल्या त्या माळावर तार ठोकायचा प्रस्ताव माझाच होता.

हे ओटसारख्या लोंबत्या कणसांचं रानगवत, म्हणून आम्ही त्याला ओट ग्रास म्हणायचो. जेमतेम वीतभर उंच. आमच्या माहितीत या एकाच माळावर उरलेलं. सर्वेक्षणाच्या यादीत त्याचा वर्ग ‘संकटग्रस्त’, म्हणजे असंच चालू राहिलं तर संपणार. गुरं खातात म्हणून आम्ही चराई बंद केली होती.

तारेपलीकडे झोलबाजी गवळी गाई घेऊन उभे होते. आम्ही तार ठोकून बंद केलेलं हे चराईचं रान त्यांचंच. तरी त्यांनीच विचारलं, “काय हुडकून राह्यल्या, बाई?”

“तुमचं ते बारीक गवत. गेलं कुठं?”

“आत कुठचं राहीन? उंच गवतानं दाबून टाकलं त्याले. पहिले गाई उंच गवत खाऊन टाकत, मंग याले ऊन भेटे. इकडे या, दाखवतो.”

गाईंच्या वाटेच्या कडेला चाळीसेक रोपं डुलत होती. मी तिथंच खाली बसले. आनंद झाला आणि लाजही वाटली.

“आधी का नाही सांगितलं?”

“तार ठोकतानी इचारलं काय कोणी मले?”

नागपूरला साहेबांसमोर रिपोर्ट ठेवला.

“म्हणजे कुंपणच चुकलं? प्रस्ताव कोणाचा होता?”

“माझा, सर.”

“आणि आता संकटग्रस्त गवतात जनावरं सोडायची?”

“बी गळून मातीत गेल्यावर. अर्ध्याच प्लॉटमध्ये. उरलेला बंद ठेवू, म्हणजे फरक कळेल.”

साहेबांनी रिपोर्ट पुन्हा चाळला. मग सही करत म्हणाले, “फसलं तर याही कागदावर तुमचंच नाव.”

दिवाळीनंतर झोलबाजींनी गाई आत घातल्या. पुढच्या भाद्रपदात मी धाकधुकीनं मोजायला बसले. बंद भागात दोन रोपं. चराईच्या भागात एकशे चाळीसपर्यंत मोजून थांबले, कारण रोपं न तुडवता पुढं पाय ठेवायला जागा नव्हती.

काही वर्षांनी यादीत ‘संकटग्रस्त’ खोडून ‘दुर्मीळ’ लिहिलं गेलं. म्हणजे थोडंच, पण टिकून आहे. उरलेली तार आम्ही काढून घेतली. तिचं काय केलं ते आठवत नाही. पण त्यानंतर कुठल्याही माळाचा प्रस्ताव लिहिताना मी आधी तिथं गुरं कोण चारतं ते शोधायचे. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता. मी समासात लिहायचे.