भेंडीएवढा दाणा

लालबर्र्याच्या राइस मिलवाल्या शेटजींनी धोतराच्या सोग्याची गाठ सोडली, तिच्यातून तांदळाचा एक दाणा काढला आणि आमच्या स्टुडिओच्या काउंटरवर ठेवला. मग आधी पंखा बंद करायला सांगितला.

“याचा फोटो काढा. प्रदर्शनात लावाचा आहे. भेंडीएवढा दिसला पायजे.”

“हौ, होऊन जाईन,” मालक म्हणाले. मालक कुठल्याही गिऱ्हाइकाला आधी हौ म्हणत आणि मग माझ्याकडे बघत. “कोकण्या, घे बे तो दाना. सांडू नोको.”

“बाजाराच्या दिवशी येतो,” शेटजी म्हणाले. “नाही जमलं तं साफ सांगा. गोंदियाले का फोटोवाले नाहीत?”

मी रत्नागिरीकडचा. सातवीत शाळा सुटली, रेल्वेतल्या मेव्हण्यांच्या मागे बालाघाटला आलो, त्यांची बदली झाली आणि मी मागे राहिलो. तेव्हा मालकांनी एवढंच विचारलं होतं, “अंधाराले भेतो काय?” नाही म्हणालो, तर त्यांनी डार्करूम माझ्या हाती दिली. मालकीणबाई, माझ्या काकू, दोन्ही वेळा जेवायला वाढत आणि मी हात आडवा धरला तर त्या हातावरच भात घालत. इतकं चांगलं आपलं किती दिवस चालणार, ही धास्ती मला कायम असे. एखादी चूक होईल आणि गाडीत बसवून देतील. म्हणून डार्करूमच्या दाराआड माझी कॅनव्हासची पिशवी मी भरूनच ठेवली होती. धुतलेला सदरासुद्धा तिच्यातून काढायचा आणि वाळला की तिच्यातच ठेवायचा.

आमचा कॅमेरा लाकडी, लोहाराच्या भात्यासारखा लांबणारा, मागे घासलेली काच आणि डोक्यावर काळं फडकं. त्याची मुख्य लेन्स पितळेची, तांब्याएवढी. तिला सगळे तोप, म्हणजे तोफ, म्हणत. मालक तिला रोज सकाळी जुन्या मऊ धोतरानं पुसत. त्यांच्या लग्नातला फोटोही तिनंच काढलेला होता. माणसांचे चेहरे तोपेतून भरदार यायचे. त्यामुळे दाणाही तोपेतूनच मोठा येणार, याबद्दल मालकांना शंका नव्हती.

काळ्या मखमलीवर दाणा ठेवला, तोप चढवली, भाता ओढता येईल तेवढा ओढला आणि फडक्यात डोकं घातलं. काचेवर दाणा उलटा दिसला, स्वच्छ दिसला, आणि होता त्याच्या निम्मा दिसला.

“काय दिसते बे?” बाहेरून मालक.

“दाणा दिसतो, मालक.”

“भेंडी?”

“अजून नाही.”

भानगड अशी होती की तोपेला जवळची वस्तू मोठी करायला आमच्या भात्याच्या दुपटीहून लांब भाता लागला असता. मालकांनी चहाच्या खोक्याला काळा कागद चिकटवून कॅमेऱ्याच्या पुढे नळकांडं जोडलं आणि तोप त्याच्या टोकाला लावली. कॅमेरा हत्तीसारखा दिसू लागला. दाणा मात्र खऱ्या दाण्याएवढा झाला आणि तिथेच अडला.

उपाय मला दोन दिवसांपासून ठाऊक होता. लहान फिल्मवरून मोठे फोटो करायचा एन्लार्जर आमच्याकडे होता; कॅमेऱ्याच्या काचेच्या प्लेटा त्यात मावत नसत, पण त्याला एक लहान लेन्स होती, औषधाच्या बाटलीच्या बुचाएवढी. ती बनवलेलीच जवळचं बघायला, आणि तिला थोडा भाता पुरे होता. एकदा मालक जेवायला गेलेले असताना मी ती हातात धरून कॅमेऱ्याच्या तोंडाशी लावली होती. काचेवर भेंडी! कोवळी नाही, चांगली निबर. पण हे सांगणार कसं? ज्यांच्या घरचा भात खातो त्यांना म्हणायचं, तुमच्या तोपेपेक्षा हे बूच बरं? मी लेन्स परत जागेवर बसवली आणि पिशवीत साबणाची डबी आहे ना, ते पाहून घेतलं.

बाजाराच्या आदल्या दिवशी मालक स्वतःच खोक्याला कंटाळून खाली बसले. “उद्या नाही म्हणा लागते शेटजीले,” ते हळू म्हणाले. त्यांना नाही म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं. ते मला बघवेना. मी एका दमात सगळं बोलून टाकलं, बुचासकट.

मी दाराआडच्या पिशवीकडे बघत राहिलो.

“मंग काहून नाही सांगतलं बे आधी? मले खोक्यात डोकं घालाले लावलं!” मालक उठले. “पण शेटजीसमोर एवढुसं भिंग नाही चालत. त्याले तोपच पायजे. तोपेच्या काचा काढ, हे पोटात बसव.”

दुसऱ्या दिवशी शेटजी येऊन खुर्चीत बसले. तोप बघून समाधानानं म्हणाले, “ये हुई ना बात.”

पण आता काचेवरची भेंडी थरथरत होती. समोरच्या रस्त्यावरून खाणीचे ट्रक जात, आणि दाणा इतका मोठा झाल्यावर फरशीची बारीक थरथरही मोठी होऊन दिसत होती. मालक सवयीनं दाण्याला म्हणाले, “हलू नोको.”

“तिपाई हलते, मालक. खाली वजन टांगायला पाहिजे.”

मालकांनी इकडंतिकडं पाहिलं आणि दाराआडून माझी पिशवी काढून आणली. आत डोकावले. सदरे, पंचा, तांब्या, साबणाची डबी.

“कुठी जाऊन राह्यला?”

“कुठं नाही.”

“मंग हे काय आहे? काकूनं काही म्हटलं काय तुले?”

“नाही हो. त्या तर जास्तच वाढतात.”

शेटजी म्हणाले, “भांडन नंतर करा.” बाद झालेल्या काचेच्या प्लेटांचा गठ्ठा मालकांनी माझ्या सदऱ्यांवर ठेवला आणि पिशवी तिपाईला बांधली, चांगल्या तीन गाठी मारून.

मग आम्ही रेल्वे फाटक पडायची वाट बघितली. जबलपूरची छोटी गाडी यायच्या कितीतरी आधी फाटक पडे आणि ड्रायव्हर इंजिनं बंद करून चहाला जात. रस्ता शांत झाला. मालकांनी तोपेचं झाकण काढलं, अर्धी बिडी संपेपर्यंत थांबून परत लावलं.

प्लेट धुतली आणि उजेडाला धरली. दाण्यावर गारा पडलेल्या. ढेकळाएवढाल्या.

“मालक, दाण्याला काही लावलं होतं?”

“थोडा पावडर. चमकून राह्यलता ना!” स्टुडिओत फोटोला बसणाऱ्या प्रत्येकाला ते पावडर लावत. दाणाही फोटोलाच बसलेला होता.

शेटजींनी सोग्यातून दुसरा दाणा दिला. संध्याकाळच्या गाडीच्या वेळी फाटक परत पडलं आणि या खेपेला पावडरचा डबा मी मांडीखाली धरून बसलो. दाणा आला, टोकापासून टोकापर्यंत, अंगावरच्या बारीक रेघांसकट. ओला प्रिंट हातात धरून शेटजी गहिवरले. मग म्हणाले, “आता माहा बी काढा, याच तोपेनं.”

मालकांनी शेटजींच्या चेहऱ्यावरच्या देवीच्या व्रणांकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला नाही म्हणाले.

माझे सदरे बरेच दिवस त्या प्लेटांखाली होते. पिशवी सोडायची म्हटलं तर मालक म्हणत, तिपाई हलून जाईन. शेवटी काकूंनी माझ्यासाठी दोन नवे सदरे शिवून घेतले. पुढे खाणीतला एक बाबू चमकणारा दगड घेऊन फोटोला आला. मालक पावडरचा डबा घेऊन निघाले, अर्ध्या वाटेत थबकले आणि मला विचारलं, “याले लावू का नोको?”