मागच्या पायरीवरचं फिनेल

समस्त साक्षर जनांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की माझी आय, राहणार थळ, धंदा मासळीविक्री, ही अलिबागच्या एका बंगल्यात, भर दिवाणखान्यात, 'व्यक्तिरेखा' म्हणून जाहीर झाली आहे. जाहीर झाली तेव्हा ती दिवाणखान्यात नव्हती. मागच्या दारी पायरीवर बसली होती.

कशी, ते सांगते.

मी माझ्या लहानपणावर पुस्तक लिहिलं. इथल्याच एका छापखान्यात छापून घेतलं. ते कसं कोण जाणे या बंगल्यातल्या बाईंच्या हाती पडलं. बाई मुंबईच्या, शनिवार-रविवार इकडे. त्यांचा वाचकांचा गट आहे. फोन आला. "तुमच्या पुस्तकावर चर्चा ठेवलीय. व्यक्तिरेखा आणि आशय. मुंबईचे प्रकाशकही येणारेत. आईंनाही आणा ना, प्लीज!"

मला तेव्हाच शंका आली. इतक्या गोड आवाजात मला आजवर फक्त विमेवाल्यांनी फोन केलेत.

पण प्रकाशक! मी इस्त्रीची साडी नेसले. आय आपलं कोळी लुगडं नेसली, अंबाड्यात अबोलीची वेणी माळली आणि भेट म्हणून सोड्यांचा पुडा घेतला. सोडे म्हणजे सोललेली सुकी कोळंबी. आमच्यात याहून मानाचा आहेर नाही.

फाटकाशी रिक्षावाल्याला पैसे देऊन वळते, तर आय गायब.

"मावशी मागं गेल्या," वॉचमन म्हणाला. त्याने पाठवलं नव्हतं. जिने सारा जन्म बंगल्यांना मासळी घातली, तिचे पाय आपोआप मागच्या दाराला वळतात.

बाई म्हणाल्या, "तुम्ही बसा हो. मी घेते त्यांना बोलावून."

बसले. एकेकाचं तोंड निरखत बसले. चहा आला. पिऊन झाल्यावर कप उचलून बुडाला काही खूण आहे का पाहिलं, माझा वेगळा काढून ठेवलेला तर नाही ना? नव्हता. शंका मात्र गेली नाही.

एक निवृत्त प्राध्यापक उभे राहिले. "या आत्मकथनातली आई क्रूर आहे. लहानग्या लेकीला दोरीने खांबाला बांधून ती मासळी विकायला जाते. ही दोरी म्हणजे बंधनाचं प्रतीक."

माना हलल्या.

मी म्हटलं, "सर, भरतीचं पाणी आमच्या ओटीला लागायचं. बांधलं नसतं तर मी रांगत समुद्रात गेले असते. पुस्तकात लिहिलंय ते. आणि आय मागेच बसलीय, तिलाच विचारा की."

"छे छे," सर म्हणाले. "त्याने विश्लेषण वस्तुनिष्ठ राहत नाही."

मला हसू फुटलं. क्रूर व्यक्तिरेखा भिंतीपलीकडे बसलीय, आणि तिच्याविषयी तिलाच विचारायचं नाही!

बाई मध्येच उठून आत गेल्या. वाटलं, आयला आणायला. एकट्याच परतल्या. बसल्या आणि थेट मुद्द्यावर आल्या. "प्रकाशकांना पुस्तक आवडलंय. फक्त ते फिनेलचं प्रकरण काढू या."

ते प्रकरण असं. मी तिसरीत होते. सुट्टीत आयबरोबर एका बंगल्यावर गेले. आयने मागच्या पायरीवर बसून सुरमई कापून दिली. मालकिणीने हसत हसत घेतली. आम्ही उठलो, पाठ फिरवली, तोच तिने पायरीवर फिनेलची बाटली उपडी केली. शिंतोडे माझ्या पायांवर उडाले. आयने टोपली डोक्यावर घेतली. मी पाय वाळूत घासले, समुद्रात धुतले. वास जाईना. सुरमई त्यांना चालत होती. आम्ही चालत नव्हतो.

हे मी आयला वाचून दाखवलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं होतं, "ती बाय जिती हाय का गो?"

"कधीच मेली," मी म्हटलं होतं.

"कडवट वाटतं हो," बाई म्हणत होत्या. "आता कोण असं वागतं? जुन्या गोष्टी त्या. दोरी हाच तुमचा खरा आशय."

प्रकाशक माझ्याकडे बघत होते. मुंबईची दुकानं. काचेमागे माझं पुस्तक. आणि बदल्यात एकच तर प्रकरण. मी तोंड उघडलं. हो म्हणायला की नाही म्हणायला, माझं मलाच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात वास आला.

तो वास मला झोपेतही कळेल. मी उठले. स्वयंपाकघर ओलांडून मागच्या दारी गेले. कामवाली पायरी पुसत होती. आय अंगणात, उन्हात उभी. हातात सोड्यांचा पुडा तसाच. लुगड्याचा काठ ओला.

"माझ्यावर रागावू नका, ताई," कामवाली पुटपुटली. "बाई आत्ताच सांगून गेल्या."

मी आयचा हात धरला. मागच्या वाटेने बाहेर नाही. त्याच ओल्या पायरीवरून वर, स्वयंपाकघरातून, सरळ दिवाणखान्यात. गालिच्यावर पावलं उमटली. उमटू दे.

"ही माझी आय," मी म्हटलं. नाटकात शेवटच्या रांगेला ऐकू जावं तसं म्हटलं. "प्रकरण राहील. त्यातला एक शब्द हलणार नाही. त्याच्यामागे आजचं लिहीन. तेवढं सगळं छापायचं तर छापा, नाहीतर माझा छापखाना मला पुरे. आणि यापुढे माझ्या आयचं काय विश्लेषण करायचं ते तिला समोर बसवून करा."

बाई पदर सावरत उभ्या राहिल्या. आयने त्यांना पायांपासून केसांपर्यंत न्याहाळलं. नाक वर करून एकदा वास घेतला. मग माझ्याकडे वळली, आणि बाजारात गिऱ्हाइकाला हाक घालते त्या आवाजात म्हणाली,

"अगो, ती फिनेलवाली मेली म्हनलीस ना? मंग ही कोन?"