माती चाखणारी जमना

जमना मासवणची. बोईसरच्या निम्म्या कारखान्यांच्या बांधकामाचा माल तिच्या डोक्यावरून वाहिला गेला, असं कुणी म्हटलं तर ती हसेल, पण ते फारसं खोटं नाही. तीस वर्षं ती बिगारी होती. वाळूचं घमेलं, खडीचं घमेलं, सिमेंटचं घमेलं. इमारत पुरी झाली की तिथला रखवालदार तिलाच फाटकावर अडवून कुठं जायचंय म्हणून विचारी. जिनं तिसऱ्या मजल्यापर्यंत खडी चढवली, तिला तळमजल्यावर पाणी प्यायलाही आत जाता येत नसे. तिला याचं फार वाईट वाटे असंही नाही. जगाची रीतच तशी, हे ती धरून चालली होती.

घरी मात्र तिचं राज्य. तिचं घर कुडाचं, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून दोन्ही अंगांनी मातीनं लिंपलेलं. पावसाळा सरला की ते लिंपण ती स्वतः करी, आणि माती कालवण्याआधी तिची चिमूट जिभेवर ठेवून बघे. सासूनं शिकवलेलं. सासूचं माहेर खाडीकाठचं, त्यामुळे खारी माती भिंतीचं काय करते ते तिनं लहानपणीच बघितलं होतं. खारट लागली तर टाकायची, गोडी निघाली तर घ्यायची. कालवणातलं मीठ बघावं तितक्या सहज जमना माती चाखायची.

हेमांगी किनाऱ्यावरच्या वाडीवाल्यांची मुलगी, मुंबईला वास्तुकला शिकून परत आलेली. नवापूरला मासळी सुकवणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर बांधायचं ठरलं. त्याचा नकाशा तिनं असा काढला, की कामावरचा मारुती मिस्त्री टोपी काढून डोकंच खाजवत बसला. मोडीत निघालेल्या होडीच्या फळ्यांची दारं. पाडलेल्या घरांची कौलं. कंपन्यांनी टाकून दिलेल्या खोक्यांच्या लाकडाची कपाटं. आणि भिंती कारवीच्या नि मातीच्या. मातीसुद्धा जवळची, खाडीच्या अंगाची, उगाच ट्रकचा धूर कशाला, असं तिचं म्हणणं. ती माती तिनं बाटलीत पाणी घालून हलवली, चिकण किती नि रेती किती ते बघितलं आणि वहीत बरोबरची खूण केली. बाटलीला चव कळत नाही, हे तिला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

मारुतीनं नेहमीप्रमाणे जमनाला बिगारी म्हणून आणलं. पहिल्याच सकाळी तिनं सवयीनं चिमूट जिभेवर ठेवली. खारट लागली. ती बाजूला थुंकली आणि मुकाट्यानं घमेलं उचललं.

बोलली का नाही? पूर्वी एकदा एका मिस्त्रीला तिनं भिंत ओळंब्यात नाही असं सांगितलं होतं. तू तुझ्या घमेल्याचं बघ, असं तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून तिला बोलावणं बंद झालं. तेव्हा घरात दोन लहान लेकरं होती. तो धडा तिनं नीट पाठ केला होता.

भिंती उभ्या राहिल्या, देखण्या दिसल्या. शिमग्याच्या सुमाराला समुद्रावरून दमट वारा सुटला आणि त्यांना घाम फुटला. सकाळी हात लावावा तर ओल, दुपारी पांढरी पूड, आणि बोट दाबलं की पोपडा हातात. मारुतीला आयतंच सापडलं. तो दिवसातून चारदा सिमेंटची आठवण काढू लागला. पाळणाघर बांधून घेणाऱ्या मच्छीमार सोसायटीचे तात्या येऊन बघून गेले. माणूस भला, पण गावाला तोंड द्यायचं होतं त्यांना. चैत्राच्या पुनवेपर्यंत भिंती सुधारल्या नाहीत तर कूड काढून सिमेंटचे ब्लॉक रचायचे, असं त्यांनी सांगून टाकलं.

हेमांगी शेण वाढवून बघे, पेंढा बदलून बघे. जेवणाचा डबा तसाच परत नेई. जमनाला ते बघवेना. पोर स्वतःला बोल लावत होती आणि खरं कारण जमनाच्या तोंडात बंद होतं. सांगावं तर पुन्हा घरी बसायची पाळी, वर कळूनसवरून गप्प राहिल्याचा ठपका. तीन दिवस तिनं असेच काढले. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती हेमांगीसमोर जाऊन उभी राहिली.

"मॅडम, माती खारी हाय. मी पयल्याच दिवशी चाखली व्हती. बोलली नाय."

हेमांगीनं वही मिटली. आपल्या चपला कुठे काढल्यात ते जमनानं मनात आठवून ठेवलं, निघायची वेळ आलीच तर. मग हेमांगी उठली. ढिगातली चिमूटभर माती तिनं जिभेवर ठेवली आणि तोंड वाकडं केलं.

"तुम्ही बोलला नाहीत, मावशी. पण मी तरी कुठं विचारलं? आता सांगा, काय करायचं?"

तीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. जमनाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिनं लपवलंही नाही.

जमनाच्या सांगण्यावरून मासवणहून टेम्पोनं माती आली. धुराचं म्हणणं हेमांगीनं त्या एका दिवसापुरतं गिळलं. मातीच्या भिंतीचं एक बरं असतं, चूक खरवडून काढता येते. काठ्या गोड्या पाण्यानं धुऊन घेतल्या. जमना लिंपत होती आणि तिला घमेलं आणून देत होता मारुती, कारण कुडाच्या कामात त्याला काही गती नव्हती. पुनवेच्या सकाळी तात्यांनी भिंतीवर तळहात टेकला आणि उलटा करून बघितला. कोरडा होता. राहू द्या हीच, असं म्हणून ते चहाला बसले.

पाळणाघर सुरू झालं त्या दिवशी जमना सवयीनं दाराबाहेरच थांबली. हेमांगीनं हाताला धरून तिला आत नेलं, भिंतीला पाठ टेकवून बसवलं. आत छान गारवा होता. आपण बांधलेल्या इमारतीत बसून चहा प्यायची तिची ती पहिलीच वेळ. घरी जाताना तिनं सासूचे उपकार मानले, हेमांगीचे मानले, आणि थोडे मारुतीचेही. काही झालं तरी तिथं आणलं होतं त्यानंच.

दिवाळीनंतर हेमांगीचं दुसरं काम सालवडला निघालं. सकाळी मातीचा ढीग पडला होता, बिगारी घमेली घेऊन उभे होते. एरवी "ए जमने" अशी हाक मारणारा मारुती ओंजळीत माती घेऊन तिच्यापाशी आला.

"जमनाबाई, जरा बघता का?"

तिनं चिमूट जिभेवर ठेवली आणि मुद्दामच थोडा वेळ लावला.

"गोडी हाय."

मारुती मागे वळला आणि माणसांना म्हणाला, घ्या कालवायला.