वन्संच्या तोंडून गेलेला होकार

जानेवारीतली सकाळ होती. मी कुळथाची पिठी ढवळत होते, एवढ्यात फोन वाजला. मुंबईहून वन्संची एक विद्यार्थिनी बोलत होती. "मॅडम गेल्या," एवढंच म्हणाली आणि रडायलाच लागली. आणि माझ्या तोंडून काय जावं? "बसल्या होत्या का उभ्या?" पोरगी बिचारी गडबडली. "उभ्या होत्या... खिडकीपाशी. चहाचा कप हातात होता," म्हणाली. तेव्हा कुठं मला पटलं की ही बातमी आमच्याच वन्संची आहे. तोवर पिठी खाली लागली होती आणि घरभर करपट वास सुटला होता.

कॉलेजातल्या लोकांना त्या डॉ. इंदुमती शिवलकर म्हणून माहीत. मला त्या वन्सं, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आणि एका जागी बसणं हेही कधी केलं नाही. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलेल्या. रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी आल्या की चहा घेऊन पडवीत येरझारा घालायच्या. चहा निम्मा पोटात, निम्मा जमिनीवर. सारवलेली जमीन माझी, तेव्हा मी ओरडायचे. "अहो, टेका की घटकाभर! जमिनीला काटे फुटलेत का?" त्यावर म्हणायच्या, "बसले की डोकंही बसतं गं शैला." मी प्राथमिक शाळेतली मास्तरीण. चाळीस पोरांना बसवायची मला सवय, पण या बाईपुढं मी हात टेकले होते.

त्यांचा विषय काय, हे गावात सांगायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. बाई-पुरुष, त्यांचे संबंध, त्यावरचे कायदे, आणि लोकांची नीती सुधारायला निघालेली माणसं, याचा अभ्यास त्यांनी जन्मभर केला. कुणी विचारलं, "इंदू शिकवते काय गो कॉलेजात?" की मी "समाजशास्त्र" म्हणून भाजीवर बोलायला लागायचे. एकदा हळदीकुंकवाला त्यांनाच कुणी तरी विचारलं. त्या सरळ म्हणाल्या, "बाईनं कुणाजवळ निजावं हे ठरवायला एवढी माणसं कशाला जमतात, ते शिकवते." माझ्या हातातली अत्तरदाणी कलंडली. मग कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "मग आमाला बी शिकव बाय. आमी काय तशाच मरायचं?" वन्सं अशा हसल्या की विचारू नका. ते वाक्य त्यांनी पुढं किती भाषणांत सांगितलं असेल देव जाणे.

त्यांचं म्हणणं असं होतं. आमच्या लोकांत पूर्वी नवऱ्यानं टाकलेल्या बाईची गावकीसमोर काडीमोड व्हायची, तिला पाट लावून दुसरा संसार मांडता यायचा, आणि त्यात कुणाची मान खाली जात नसे. मग पुरुष मुंबईला गेले, चार बुकं शिकले, त्यांनी गावोगावची मंडळं काढली, आणि समाज सुधारायचा म्हणून आधी पाटाला नावं ठेवली, मग लग्नातल्या बायकांच्या चावट गाण्यांना. "सुधारणेचा रंधा पहिल्यांदा बाईच्याच अंगावरून फिरतो," असं त्या म्हणायच्या. यावर त्यांनी मोठा प्रबंध लिहिला. त्यातलं मला निम्मं कळलं, पण जे कळलं ते खोटं नव्हतं. आमच्याच वाडीत ते चालू होतं ना! गावाचं नाव मात्र इथं लिहीत नाही. मला अजून तिथंच राहायचंय.

अठ्ठ्याण्णव सालचा शिमगा. कोकण रेल्वे नवी नवी धावायला लागलेली, त्यामुळं मुंबईकर नेहमीपेक्षा जास्त आलेले. आणि येताना मंडळाचा एक ठराव घेऊन आलेले: दिवेलागणीनंतर गावातल्या बाईनं बाहेरून गावात यायचं नाही. हा ठराव एकाच बाईसाठी होता, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आमच्या वाडीतली सुनंदा. नवऱ्यानं मुंबईत दुसरा संसार थाटलेला, घरी म्हातारी सासू, म्हणून ही कोलंबी सोलायच्या एका कारखान्यात पाळीवर जायची. संध्याकाळ उलटली की कारखान्याची गाडी तिला फाट्यावर सोडायची. मंडळाचा निरोप आला तेव्हा तिनं उलटा निरोप दिला, "मग माजी चूल तुमी येऊन पेटवा." त्या वर्षी वन्सं मुद्दाम तिच्यासाठीच आल्या होत्या. सबंध सकाळ तिच्या मागीलदारी होत्या. सुनंदानं त्यांना सगळं सांगितलं, नवऱ्याचं, मंडळाचं, फाट्यावरून अंधारात चालत येताना दगड मारणाऱ्यांचं. घरी आल्यावर वन्सं पडवीत नुसत्या फिरत राहिल्या. "हे लिहिलंच पाहिजे गं," म्हणत होत्या.

त्याच दिवशी दुपारनंतर पालखी सहाणेवर आली. सहाण म्हणजे पालखी टेकवायचा चौथरा. तिथं गाऱ्हाणं होतं. मानकरी देवाकडं मागणं मागतो, आणि तो दम घ्यायला थांबला की जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. पाळण्यात असल्यापासून कानावर पडतं ते. माणसं अर्थ ऐकत नाहीत, नुसता थांबा ऐकतात. आमचे मानकरी भिकाजी तात्या, नात्यानं आमच्या ह्यांचे चुलते. तात्यांचा आवाज खणखणीत. "हे बा म्हाराजा, लेकराबाळांना सुखी ठेव!" व्हय म्हाराजा! "आंब्याचा मोहर राख!" व्हय म्हाराजा! "मुंबईकरांच्या नोकरी-धंद्याला बरकत दे!" व्हय म्हाराजा! आणि त्याच सुरात, त्याच दमात, "जी बाय गावाचा शबूद मोडील तिच्या दारात पालखी नाय, तिच्या हातचा नारळ नाय, तिच्या घराशी गावाचं येनं-जानं नाय, ही गावाची आण सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्यात सगळ्यांत स्पष्ट आवाज वन्संचा. वर्ग शिकवून शिकवून तयार झालेला आवाज तो, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. हात जोडलेले ते तसेच राहिले. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "शैला... मी काय म्हटलं?" मी म्हटलं, "सगळ्यांनी म्हटलं तेच." मी तर म्हटलंच होतं, मला कसली डॉक्टरेट? पण समोर सुनंदा नारळ घेऊन उभी होती, आणि ती तात्यांकडं बघत नव्हती, मुंबईकरांकडं बघत नव्हती. वन्संकडं बघत होती. जवळ येऊन एवढंच म्हणाली, "ताई, तुमी पन?" आणि नारळ घेऊन घरी निघून गेली.

वन्सं तशाच तात्यांच्या पुढ्यात गेल्या. "तात्या, मला माझा शब्द मागे घ्यायचाय." तात्या वाईट माणूस नव्हे, हे मी आजही म्हणेन. त्यांना खरंच नवल वाटलं. म्हणाले, "इंदू, देवासमोर गेलेला शबूद मागं कसा घेतात गो? देव काय तुजा इद्यार्थी हाय?" लोक हसले. ढोल वाजायला लागला. त्या आवाजात वन्सं काही तरी बोलत होत्या, पण मला शेजारी असूनही ऐकू आलं नाही.

पुढं जे झालं ते कसं लिहू... गिरणीवाला सुनंदाचं दळण घेईना. विहिरीवर ती आली की बाकीच्या कळश्या उचलायच्या. सासू वारली तेव्हा खांदा द्यायला गावातला एक पुरुष आला नाही. कोलंबीच्या कारखान्यातल्या बायकांनी म्हातारीला उचललं. त्यानंतर सुनंदा रत्नागिरीच्या कोर्टात गेली. वाळीत टाकण्याविरुद्ध तेव्हा नेमका कायदा नव्हता, वकिलांनी बदनामी आणि दमदाटीची कलमं जोडली. गावातलं कुणी साक्ष देईना. वन्सं म्हणाल्या, मी देते. झालं! घरात महाभारत. हे म्हणाले, "अक्का, तू साक्ष देऊन मुंबईची गाडी पकडशील, इथं आम्हाला राहायचंय." मुंबईतले प्राध्यापकही म्हणाले म्हणे, संशोधकानं अभ्यासाच्या मधे स्वतः उभं राहू नये. वन्सं पडवीत फिरत म्हणाल्या, "उभी तर राहून झालंय. आता कुठं जाऊ?"

साक्षीच्या दिवशी मी गेले होते सोबत. पिंजऱ्यात उभं राहायचं असतं, म्हणजे त्यांच्या सोयीचंच होतं, तरी त्या एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या. गाऱ्हाणं शब्दाला शब्द सांगितलं त्यांनी. मग गावकीचा वकील उठला. गोड बोलणारा माणूस. "बाई, तुम्हीही व्हय म्हणालात ना?" "म्हणाले." "तुम्ही या विषयातल्या विद्वान. तरी म्हणालात?" "कळायच्या आधी तोंडातून गेलं." वकील हसला. म्हणाला, "मग बाकीच्या अडाणी लोकांचंही तसंच गेलं असणार, नाही का? कुणाच्या मनात काही नसताना?" मी मनात म्हणत होते, नाही म्हणा वन्सं, नाही म्हणा, एकदा नाही म्हणा! त्या थांबल्या. सुनंदाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "हो. बहुतेकांचं तसंच गेलं असेल. पण ज्यांनी ते शब्द जुळवले, त्यांना माहीत होतं आम्ही ऐकत नाही ते." शेवटचं वाक्य वकिलानं पुढं जाऊच दिलं नाही. 'हो' तेवढं लिहून घेतलं गेलं.

बाहेर वडाखाली सुनंदा उभी होती. रडली नाही, भांडली नाही. "ताई, येक डाव खोटं बोलायचं व्हतं," म्हणाली. वन्सं वडाभोवती फेऱ्या घालायला लागल्या.

मग तारखांवर तारखा, आणि शेवटी तडजोड. गावकीनं कबूल केलं की असं काही झालंच नाही आणि यापुढं होणार नाही. हसावं का रडावं सांगा! पण पालखी सुनंदाच्या दारात जायला लागली, दळण मिळायला लागलं. विहिरीवर तिच्याशी बोलायलाही लागल्या हळूहळू. लोक म्हणाले, मिटलं. वन्संचं काही मिटलं नाही. त्यांनी पुस्तक लिहिलं, त्यात एक सबंध प्रकरण स्वतःच्या त्या होकारावर. जमाव हो कसा म्हणतो, हे बाहेरून बघणाऱ्या बाईनंही आतून हो कसं म्हटलं, असं काहीसं. कुणी वाहवा केली, कुणी लिहिलं की हा अभ्यास नव्हे, ही कैफियत. त्यांना दोन्हीचं सुखदुःख नव्हतं. भलत्या वेळी फोन करायच्या, दुपारी माझा डोळा लागला की नेमका. "शैला, खोटं बोलले असते तर?" मी चिडून म्हणायचे, "तर सुनंदा जिंकली असती आणि तुम्ही त्याच्यावर फोन केला असतात!" पलीकडं हसायच्या. आणि हसू संपलं की पुन्हा म्हणायच्या, "पण जिंकली असती ना?"

मला राग येतो त्यांचा, अजून येतो. इतकी वर्षं तो एक शब्द उरावर घेऊन ही बाई फिरत राहिली आणि हृदयानं एक दिवस नकार दिला. गावातल्या एकाला तरी त्या 'व्हय'चं काही वाटलं का? ज्यांना वाटायला हवं होतं ते जेवून-खाऊन सुखी आहेत. पण खरं सांगू? मला त्यांची फार आठवण येते. पडवी आता कोरडी असते, आणि मला ती तशी आवडत नाही.

परवा शिमगा झाला. मी जाणार नव्हते, पण हे म्हणाले, चल. तात्या आता थकलेत, काठी धरून उभे होते, तरी आवाज तोच. लेकराबाळांचं झालं, मोहराचं झालं. मग म्हणाले, "आमची लेक इंदू देवाघरी गेली. तिनं गावाला कोर्टाची पायरी चढवली, ती तिची चूक पोटात घाल रे म्हाराजा!" आणि दम घ्यायला थांबले.

चार-दोन तोंडं उघडलीसुद्धा होती. तेवढ्यात बायकांमधून आवाज आला, "थांबा तात्या." सुनंदा होती. डोक्यावरचा पदर सारखा करत पुढं आली. "कंची चूक? मला समाजलं नाय. परत सांगा."

गाऱ्हाणं मधेच कुणी अडवलेलं आमच्या गावात कुणी बघितलं नव्हतं. ढोलवाला काठी उचलून तसाच राहिला. मुंबईकर एकमेकांकडं बघायला लागले. कुणी तिला गप्प बस म्हटलं नाही. तात्यांनी तिच्याकडं बघितलं, पालखीकडं बघितलं, उपरण्यानं तोंड पुसलं... किती तरी वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "आमची लेक इंदू देवाघरी गेली. तिला सुखी ठेव रे म्हाराजा."

कुणाला घाई नव्हती. आधी सुनंदा म्हणाली, मग तिच्या आजूबाजूच्या, मग पुरुष. मी तात्यांचे शब्द आधी एकदा मनात म्हणून बघितले. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर माझं "व्हय म्हाराजा" एकटंच मागून निघालं, आणि कुणी हसलं नाही.