तीन प्रिंटर आणि आबांची ड्युटी

आमच्या म्हसवडच्या दुकानात तीन प्रिंटर होते आणि तिन्हींच्या केबली एकाच म्हाताऱ्या कॉम्प्युटरला जोडलेल्या होत्या. मी काउंटरवरच्या नव्या कॉम्प्युटरवर लोकांचे फॉर्म भरायचे आणि प्रिंट द्यायचे. ती आतल्या टेबलावरच्या म्हाताऱ्याकडे जायची. तिथे तिचं नाव यादीत लागायचं आणि मग तो एकेक पान ज्याच्या त्याच्या प्रिंटरकडे सोडायचा. काळा, रंगीत आणि कार्बनच्या कागदावर खडखडणारा तिसरा. म्हातारा बंद पडला की तिघंही मुके.

वीज गेली की खरी करमणूक. ती परत आल्यावर आधी हा कॉम्प्युटर चालू करायचा, तो पुरता जागा होईपर्यंत थांबायचं आणि मग प्रिंटर एकामागून एक सुरू करायचे. क्रम चुकला तर साहेब ओळखच दाखवायचे नाहीत. मी सांगलीची, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. समोर सातजण उभे असताना मी त्या डब्याला काय काय बोलले असेन ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आबा म्हणजे माझे सासरे. पलटणीत सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजवर काढलेली. सासूबाई गेल्या आणि आबा ओट्यावर बसले ते बसलेच. वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर विचारायचे नाहीत. दिवस दिवस बोलायचे नाहीत. माझे यजमानही फौजेत, लांब पोस्टिंगवर. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न असायचा, "आबा बोलले का आज?" मी म्हणायचे, "बोलले की." खोटंच. मला मनातून भीती वाटायची की हा माणूस असाच बसल्या जागी विझून जाणार आणि ते आपल्या देखत होणार.

एके दिवशी वीज तीनदा गेली तेव्हा मी घरी येऊन वैतागून म्हणाले, "आवं आबा, इथं बसता ते त्या डब्यापाशी येऊन बसा की! वीज आली की तेवढा चालू करायचा." माया वगैरे काही नव्हती त्यात, नुसता वैताग होता. पण दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला आबा दुकानात हजर. इस्त्रीचा शर्ट, दाढी घोटलेली.

आठ दिवसांत त्यांनी सगळं ताब्यात घेतलं. वीज आली की क्रमाने बटणं दाबायची, यादीवर डोळा ठेवायचा, अडकलेला कागद हळूच ओढायचा. मी चुकून साधा फॉर्म रंगीतवर सोडला की आतून आवाज यायचा, "चुकीची लाईन! परत लाव." पान निघालं की कडा जुळवून स्वतः गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. जेवायला जाण्याआधी मला बजावायचे, "मी येस्तवर काय सोडू नगंस." घरी आल्यावर भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगायलाही लागले. मी त्या दिवशी यजमानांना म्हणाले, "बोलले," आणि पहिल्यांदा ते खरं होतं.

दोन-तीन वर्षं अशी गेली. मग तो कॉम्प्युटर फारच दमला. एका मुलीचा परीक्षेचा फॉर्म शेवटच्या दिवशी त्याच्यापायी अडकता अडकता वाचला आणि मी दिवाळीत दोन नवे प्रिंटर आणले. वायफायवाले. माझ्या कॉम्प्युटरवरून थेट छापणारे, मध्ये कुणी लागत नाही.

मध्ये कुणी लागत नाही, हे आबांना कसं सांगायचं? यजमान म्हणाले, "सांगू नकोस, खचतील." मलाही तेच हवं होतं. मी जुने प्रिंटर काढले, पण जुना कॉम्प्युटर तसाच चालू ठेवला, केबली तशाच लोंबत ठेवल्या. चौथ्याच दिवशी आबांनी विचारलं, "यादी रिकामी का दिसतीया?"

"नव्या प्रिंटरांची यादी दिसत नाही, आबा."

"बरं. तू म्हनलीस मंजी आसंल."

आणि ते रोज नऊला येऊन रिकाम्या यादीसमोर बसत राहिले.

माघातल्या एका दुपारी पेन्शनच्या कागदासाठी एक आजी आल्या होत्या. मी प्रिंट दिली आणि तेवढ्यात आतून जळका वास आला. कॉम्प्युटरमधून धूर निघाला, पडदा काळा झाला. आबांनी हात वर केला. "लाईन बंद! थांब, काय सोडू नगंस!"

प्रिंटरने शांतपणे चार पानं बाहेर टाकली.

आबांनी पानांकडे बघितलं, काळ्या पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पानं उचलली, कडा जुळवल्या, आजींच्या हातात दिली. चपला घातल्या आणि घरी गेले.

सकाळी नऊला ते आले. इस्त्रीचा शर्ट होता. बसले नाहीत.

"कवापास्नं?"

"दिवाळीपासनं."

"मंजी बंद एक्सचेंजवर बसत हुतो. पोस्ट उठती. आमच्या लय उठल्या. त्याचं काय न्हाई. पन गडी बसलेला आसताना त्याला न सांगता पोस्ट उठवत न्हाईत, पोरी. बदली येतो, चार्ज घेतो, मग गडी सुटतो. मला कुनी सोडलंच न्हाई."

मला लाजेने रडूच फुटलं. मी समजत होते की मी त्यांना सांभाळतेय.

"रडू नगंस. हितं हुबी ऱ्हा," आबा म्हणाले. "चार्ज घे. लाईनी किती?"

"दोन."

"चालू?"

"चालू."

"मशीन?"

"एक जळालं."

"अडकलेलं काय?"

मी काउंटरकडे बघितलं. "काही नाही."

"मग म्हन, चार्ज घेतला."

"चार्ज घेतला, आबा."

त्यांनी खुर्ची टेबलाखाली सारली, टेबलावरची धूळ तळव्याने पुसली आणि गेले. मी दिवसभर चुकीच्या प्रिंटरवर पानं सोडत होते आणि आतून कुणी ओरडत नव्हतं. परत ओटा, परत ते गप्प बसणं, एवढंच डोळ्यांसमोर येत होतं.

दुसऱ्या दिवशी नऊला मी मुद्दाम दाराकडे पाठ करून बसले. नऊ वाजून गेले. साडेदहाच्या सुमाराला काउंटरवर कुणीतरी बोटं वाजवली. आबा होते. पायजमा, बंडी, दाढी न केलेली, हातात आधार कार्ड.

"ह्याची येक झेरॉक्स पायजे."

"आबा, आत या ना."

"आत कशाला? मी आता गिऱ्हाईक हाय. नंबर कितवा माजा?"

समोर दोघेजण उभे होते. "तिसरा," मी म्हणाले.

"मग बसतो," म्हणाले, आणि बाकावर शेजारच्या माणसाला सरकायला लावून आरामात बसले. "तवर च्या सांग. आन् जरा हात उचल गं, लय येळ लावता तुमी लोकं."